कापूस, ऊन आणि टर्बो

“मामा, सकाळी गाडी उडते अन् दुपारी बैलगाडी होते. काहून होत असंन असं?”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा हा प्रश्न घेऊन हिंगणघाटला माझ्या घरी आला. तो कापसाच्या व्यवहारात आहे. हंगामात हिंगणघाट, पांढरकवडा, वणी अशी त्याची रोजची फिरती असते, आणि दिवसातून दोन-तीन जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांच्या, आवारात गाडी उभी राहते. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. डिसेंबरात एका मोठ्या शहरात नेऊन त्यानं ती मॉडिफाय करून आणली होती. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं रिमॅपिंग केलं (जास्त ताकदीसाठी त्यातली मांडणी बदलली), तेल लावलेला सुती जाळीचा एअर फिल्टर लावला आणि बंपरच्या मागे मूळच्यापेक्षा मोठा इंटरकूलर बसवला. चार महिने गाडी सुरेख चालली. आता मात्र दुपारी जाम गावाच्या पुढं कोळशाच्या ट्रकला ओव्हरटेक करायला जावं तर ती उचलतच नव्हती. त्यानं आधीच नवे प्लग टाकले होते, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं होतं, आणि रिमॅप करून देणाऱ्या ट्यूनरनं फसवलं असं मनाशी पक्कं केलं होतं.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतो. मुलांना पहिल्या दिवशी सांगतो तेच त्याला सांगितलं: मोजमाप हातात आल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

आधी टर्बो काय करतो ते पाहू. इंजिनाची ताकद शेवटी सिलिंडरमध्ये किती हवा मावते यावर ठरते, कारण हवेच्या हिशेबानंच पेट्रोल जाळता येतं. बाहेर वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट 1905 सालचं. आजच्या छोट्या गाड्यांमधलं हे चक्र मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास पोचतं.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना, तेच. गणित करून पाहू. बाहेरची हवा 20 अंश सेल्सिअस आहे, टर्बोनं तिचा दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा साधारण 112 अंशांवर जाते. हीच हवा 43 अंशांची असेल तर टर्बोतून निघताना 142 अंशांची होते. बाहेर 23 अंशांचा फरक होता, टर्बोनंतर तो 30 झाला. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिनाच्या वाटेवर इंटरकूलर बसवलेला असतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर या हवेला निववणारा हा रेडिएटरच.

नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता. त्या दिवशी इथं कुठली टर्बो गाडी महामार्गावर असेल तर तिच्या इंटरकूलरपाशी आलेला ‘गार वारा’ मुळात 48 अंशांचा होता, शिवाय डांबराची धग वेगळीच.

विरळ हवेनं ताकद कमी होते, पण ती दहा टक्क्यांच्या घरात. बैलगाडी व्हावी इतकी नाही. उरलेली कुठं गेली? त्यासाठी ठोका समजून घ्यावा लागतो. आपले मिस्त्री ‘गाडी ठोका मारते’ म्हणतात तो, म्हणजे नॉकिंग.

प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पसरत असताना कोपऱ्यात अजून न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचण्याआधीच ते स्वतःहून पेटलं तर एकदम भडका उडतो आणि त्या धक्क्यानं सिलिंडरची भिंत घंटेसारखी झणझणते. एवढ्या आकाराच्या सिलिंडरमध्ये हे कंपन सेकंदाला सात-आठ हजार वेळा होतं. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमकं तेच ऐकायला टपून असतो. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच म्हणा. हवा जितकी गरम, तितका ठोका लवकर.

ठोका ऐकला की ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकतो. याला टायमिंग मागे घेणं म्हणतात. साडेचार हजार आरपीएमवर क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा सत्तावीस हजारावा भाग लागतो, आणि असे सहा-सात अंश मागे घेतले की फरक पायाखाली कळतो. पिस्टन खाली पळायला लागल्यावर ज्योत भरात येते. तिचा जोर पिस्टनला मिळायचा तो धुरावाटे निघून जातो आणि टर्बोला आणखी तापवतो. गाडी मेल्यासारखी वाटते, पण खरं तर ईसीयू त्या घडीला इंजिन वाचवत असतो.

भाच्यानं काढलेले जुने प्लग डिकीत होते. एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून पाहिलं तर मिरपुडीसारखे बारीक चमकदार ठिपके दिसले. ते ॲल्युमिनियमचे कण. ठोक्यानं पिस्टनचा वरचा थर खरवडला जायला लागला की ते उडून प्लगवर बसतात. त्यानं प्लग ‘खराब’ म्हणून फेकायला काढले होते. प्लग खराब नव्हते, ते साक्षीदार होते.

मग आम्ही रीडिंग घेतली. स्टिअरिंगखाली ईसीयूचे आकडे वाचायचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा स्कॅनर लावला, मोबाइलवर ॲप उघडलं. भाचा गाडी चालवणार, मी आकडे पाहणार. हिंगणघाट ते वडनेर हा रिकामा सरळ पट्टा निवडला. तिसरा गिअर, 1800 ते 4500 आरपीएम, वेग शंभरच्या आत. सकाळी साडेसहाला बाहेर 26 अंश होते आणि इंजिनात शिरणारी हवा 67 अंशांवर गेली. टायमिंग जेमतेम एक अंश मागे. दुपारी तीनला बाहेर 43, आत 88, आणि टायमिंग सात अंश मागे.

“पाहा मामा, उन्हानंच होते.”

उन्हानं होतंय हे खरं, पण एवढंच पाहून थांबलो असतो तर चुकलो असतो. आतल्या आकड्यातून बाहेरचा वजा करायचा. सकाळी 67 उणे 26, म्हणजे 41. दुपारी 88 उणे 43, म्हणजे 45. टर्बोतून निघणाऱ्या हवेचा वर मांडलेला हिशेब लावला तर चांगला इंटरकूलर हा फरक वीस-बावीस अंशांवर आणतो. म्हणजे बिघाड सकाळीही तेवढाच होता. सकाळच्या थंड हवेत ठोक्याची पायरी ओलांडली जात नव्हती, म्हणून तो दिसत नव्हता. हिवाळाभर तर तो कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

बंपर उतरवला. इंटरकूलर समोरून बरा दिसत होता, बारीक धूळ, दोन-चार किडे. बॅटरीचा प्रकाश मागून टाकला तेव्हा खालच्या अर्ध्या भागातून उजेडच येईना. मागच्या एसी कंडेन्सरच्या आणि इंटरकूलरच्या बोटभर फटीत कापसाचा थर बसला होता. गादीतल्या जुन्या कापसासारखा दबलेला, काळ्या मातीनं आणि कोळशाच्या भुकटीनं माखलेला. पत्र्यांच्या फटींतही रुई अडकली होती. मी चिमटीनं एक पुंजका ओढला तर वीतभर लांब वळकटी बाहेर आली. डिसेंबर ते फेब्रुवारी जिनिंगच्या आवारात उडणारी रुई, रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरमधून गळणारी रुई, सगळी इथं साठत गेली होती. नवा इंटरकूलर मोठा, पण त्याच्या पत्र्या मूळच्यापेक्षा दाट. शहरात ते गुणाचं, आपल्याकडे मात्र तीच दाटी रुई धरून ठेवते.

धुताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पाणी मागून पुढं मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं परत जातो. आणि सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा प्रेशर पंप लावायचा नाही, कारण या पत्र्या कागदासारख्या वाकतात आणि वाकलेली पत्री फट कायमची बंद करते. आम्ही साधी नळी आणि रंगाचा मऊ ब्रश वापरला. दीड तास लागला.

आणखी एक शंका राहिली होती. ईसीयूनं मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, मिळत होता, पण तो मिळवायला टर्बोला फार राबावं लागत होतं. टर्बोला वळसा घालून धूर सोडून देणारा वेस्टगेट जवळपास पूर्ण बंद राहत होता. हवा कुठंतरी गळत असली की असं होतं. टर्बो ती तूट भरून काढतो आणि त्या नादात हवा आणखी तापवतो. इथं एक भेद ध्यानात ठेवावा. मागितलेला बूस्टच मिळत नसेल तर आधी गळती आणि वेस्टगेट बघावेत. बूस्ट मिळतोय पण टायमिंग मागे जातंय, तर उष्णता, इंधन किंवा सिलिंडरमधला कार्बन. आमच्याकडे दुसरा प्रकार होता, त्यात थोडा पहिला मिसळलेला.

गळती शोधायचं यंत्र आम्ही शेतीच्या पाइपांच्या दुकानातून आणलं. पीव्हीसी पाइपाची 63 मिलिमीटरची कॅप, तिला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व. फिल्टरच्या पुढचा होज काढून ही कॅप त्यात क्लॅम्पनं आवळली आणि गाडी पंक्चरच्या दुकानासमोर नेली.

“सर, हवा किती टाकू?”

“दहा पौंड. त्याच्यावर एक नको.”

जास्त दाब दिला तर सील फाटतात. दहा पौंडांवर नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी सोडत गेलो. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, अलीकडच्या सिलिकॉनच्या होजवर क्लॅम्पच्या खालून फेसाचा एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, पुन्हा फुगला. नवा होज चार महिने तापून-निवून बसला होता, क्लॅम्प मात्र डिसेंबरात आवळला तेवढाच होता. स्क्रू ड्रायव्हरचे दोन वेढे दिले आणि फेस थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तोच रस्ता. बाहेर 43, आत 64. टायमिंग दोन अंश मागे.

पेट्रोलवर भाच्याचा राग होता, तेव्हा त्याचंही सांगतो. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो. आता मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं, आणि इंधनाचा पंप आधीच रिमॅपनं ताणलेला असेल तर तो कमी पडतोय का हे तपासणं रास्त आहे. लिटरमागे उष्णताही कमी मिळते, सहा-सात टक्क्यांनी. पण ठोक्याचा दोष इथेनॉलला देता येत नाही. त्याचा ऑक्टेन, म्हणजे ठोका टाळायचा गुण, पेट्रोलपेक्षा वरचा आहे, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या जवळपास अडीचपट उष्णता शोषून घेतं. आमच्या रीडिंगमध्ये ईसीयू इंधन कमी-जास्त करून जी दुरुस्ती करतो ती मर्यादेत होती, म्हणून तो विषय तिथंच सोडला.

ट्यूनरनंही फसवलं नव्हतं. गाडी कोण चालवणार, कुठं चालवणार, कसलं पेट्रोल भरणार, हे कंपनीला ठाऊक नसतं, म्हणून ती इंजिनात थोडी शिल्लक ठेवते. बूस्ट झेपतो त्याहून जरा कमी, ठिणगी जरा उशिरा. रिमॅप ही शिल्लक मोडून ताकदीत घालतो. ती मोडायला माझी हरकत नाही, मला स्वतःला वेगवान इंजिनाची ओढ आहे. पण ऊन, काळी धूळ आणि रुई यांचा खर्च याच शिल्लकेतून भागत असतो, आणि डिसेंबरच्या गारव्यात तो कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

म्हणून भाच्याची गाडी आम्ही इथल्या हवेसाठी पुन्हा बसवली. ट्यूनरला आमचे आकडे पाठवले. त्यानं ते नीट वाचले आणि नवा मॅप दिला, ज्यात आत येणारी हवा 60 अंशांच्या वर गेली की बूस्ट आपोआप थोडा उतरतो. प्लग एक पायरी थंड प्रतीचे, म्हणजे आपली उष्णता लवकर सोडणारे, घेतले. सुती फिल्टर काढून कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर परत लावला, हे माझ्या आग्रहामुळं. सुती फिल्टरचं तेल थोडं जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारी तापलेली तार असते तिच्यावर त्याचा थर बसतो आणि मोजमाप चुकतं. या गाडीत तशी तार नाही, पण काळ्या मातीची पिठासारखी धूळ आत जाऊन टर्बोच्या पात्यांची धार खाते, ती भीती आहेच. बॉनेटखालची गरम हवा ओढणारे उघडे फिल्टर तर आपल्या भागात लावूच नयेत.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे. विमा कंपनीही अपघातानंतर हेच विचारते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्यांना मी माझ्या वर्कशॉपमध्ये हात लावू देत नाही.

सगळ्यात उपयोगी ठरलेली वस्तू सर्वात स्वस्त होती. हार्वेस्टरच्या रेडिएटरपुढं भुसा अडवायला जाळी असते, तशीच एक स्टीलची जाळी कापून इंटरकूलरपुढं बसवली. ती अशी बसवली, की चार फुलपाखरी नट फिरवले की हातात येते. जाळीनं वारा थोडा अडतो, म्हणून ती लावून पुन्हा रीडिंग घेतली. आतली हवा दोनच अंशांनी वाढली. तेवढं चालेल. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की दर पंधरा दिवसांनी जाळी काढून झटकायची आणि आतल्या हवेतून बाहेरची वजा करून आकडा लिहायचा, असे दोन रकाने त्यानं सर्व्हिस बुकाच्या शेवटच्या पानावर पेनानं आखून ठेवले आहेत.