‘पाणी कडक, तर कोयता दणकट’ हे खरं नाही

कोयता किंवा रानात वापरायची सुरी जितकी कडक, म्हणजे तिच्या पात्याचं ‘पाणी’ जितकं कडक, तितकी जास्त टिकते, असं सर्रास सांगितलं जातं. पण कडकपणा आणि चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच पोलादात पहिला वाढवला की दुसरा बहुधा घटतो. कडक पातं लवकर झिजत नाही, पण बाभळीच्या गाठीवर आपटलं की धारेची कपची उडते. मऊ पात्याची धार फक्त वळते आणि दगडावर चार हात मारले की सरळ होते. उडालेली कपची मात्र पातं घासून घासून काढावी लागते.

म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीला ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप) शोभतं. तोडायच्या हत्याराला ५० ते ५५ पुरे.

पाणी दिल्यावर, म्हणजे लालबुंद पातं एकदम थंड करून कडक केल्यावर, ते पुन्हा हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवला नाही, तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं. बरेच कोयते इथेच फसतात.

धारेच्या कोनाकडे तर फारसं कुणी बघतच नाही. दर बाजूला १५ अंश असेल, तर टोकापासून १ मिमी आत जाडी ०.५४ मिमी भरते. २५ अंशांना ०.९३. वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे सुमारे पाचपट! कपच्या उडत असतील तर आधी कोन वाढवा: ४० मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून १७ मिमी उचला, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. ग्राइंडरवर धार निळी पडली, तर तिथलं पाणी उतरलं.