प्लॅनर मॅग्नेटिक हेडफोन : केबलची निवड आणि तुलना

पातळ, ताणलेल्या पडद्यावरच सपाट संवाहक पट्टी चिकटवून तो पडदा चुंबकांच्या रांगेसमोर हलवणारा हेडफोन. नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये तारेचे वेटोळे पडद्याच्या मधल्या भागाला जोडलेले असते आणि जोर तेवढ्याच कड्यावर लागतो. येथे वेटोळेच पडद्यावर पसरलेले असल्यामुळे जोर बहुतेक सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनशी बांधणीचे साम्य असले, तरी याला शेकडो व्होल्टचा बायस (पडद्यावर सतत द्यावा लागणारा विद्युतदाब) लागत नाही. साधा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर पुरतो, मात्र त्याच्यात दम हवा. ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात ‘प्लॅनर’ एवढाच शब्द रूढ आहे.

उगम आणि नावे

हे तत्त्व प्रथम कोणी वापरले याविषयी एकमत नाही. एक पक्ष १९२० च्या दशकात सीमेन्समध्ये हान्स रीगर याने तयार केलेल्या ‘ब्लाटहालर’ या ध्वनिक्षेपकापर्यंत मागे जातो. त्यात ताठ सपाट पटलावर नागमोडी संवाहक पट्टी बसवून ती विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली होती. त्याच सुमारास (साधारणतः १९२४) गेरलाख आणि शॉटकी यांनी रिबन ध्वनिक्षेपक मांडला. रिबनमध्ये मात्र धातूची पट्टी स्वतःच पडदा असते, म्हणून बहुतेक अभ्यासक तिला प्लॅनरची थोरली बहीण मानतात, पूर्वज मानत नाहीत. दुसरा पक्ष प्लास्टिकच्या लवचीक फिल्मवर संवाहक आणि समोर स्थायी चुंबकांची रांग ही बांधणीच निर्णायक मानतो. त्यांच्या दृष्टीने खरा आरंभ जिम वायनी यांच्या मॅग्नेप्लॅनर स्पीकरपासून होतो. त्यांची मॅग्नेपॅन कंपनी १९६९ ची. हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. प्लॅनरचा आवाज घडतो तो फिल्मच्या हलकेपणामुळे, आणि रीगरचे पटल ताठ होते.

हेडफोनच्या रूपात ही रचना १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात वॉर्फडेलच्या ‘आयसोडायनॅमिक’ने लोकांपुढे आणली. १९७६ च्या सुमारास यामाहाचा एचपी-१ आला. त्याचे बाह्यरूप इटालियन रचनाकार मारिओ बेलिनी यांचे होते आणि यामाहाने तंत्राला ‘ऑर्थोडायनॅमिक’ असे व्यापारी नाव दिले. फॉस्टेक्सने ‘रेग्युलर फेज’ हे नाव घेतले. त्यांच्या टी५०आरपी या हेडफोनच्या नावातील ‘आरपी’ तेच. जर्मनीत ‘मॅग्नेटोस्टाट’, तर सोव्हिएत संघात ‘आयसोडायनॅमिक’ हा शब्द रुजला. जुन्या कागदपत्रांत ही चारही नावे वेगवेगळ्या तंत्रांची वाटतात, प्रत्यक्षात गाभा एकच आहे.

फेराइट चुंबकांचे क्षेत्र कमजोर असल्याने त्या पिढीतले हेडफोन जड आणि मंद आवाजाचे राहिले व पुढे मागे पडले. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी ही अडचण पुष्कळशी सोडवली. तरी पुनरुज्जीवनाला २००९ पर्यंत थांबावे लागले. हायफायमॅनचा एचई-५ आणि ऑडेझीचा एलसीडी-२ यांपैकी पहिला कोणता, हे नमुना धरायचा की विक्री यावर ठरते. टी५०आरपी उघडून त्यात भरणी आणि पॅड बदलणाऱ्या हौशी मंडळींचा या पुनरुज्जीवनातला वाटा मोठा आहे. आजची डॅन क्लार्क ऑडिओ ही कंपनी मिस्टरस्पीकर्स या नावाने त्याच कामातून उभी राहिली.

सपाट संरोध आणि त्याचा अर्थ

संरोध म्हणजे बोलीतला इंपिडन्स, बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. डायनॅमिक हेडफोनचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. ३०० ओहमच्या हेडफोनला खालच्या अनुनादापाशी ५००–६०० ओहमचा उंचवटा येऊ शकतो. प्लॅनरची पट्टी जवळजवळ शुद्ध रोध असते. २० हर्ट्‌झपासून २० किलोहर्ट्‌झपर्यंत तिची संरोधाची रेघ आडवी राहते.

केबलविषयी जे काही म्हणायचे ते यातूनच निघते. केबलचा रोध हेडफोनशी एकसरीत येतो. हेडफोनचा संरोध कंप्रतेनुसार बदलत असेल, तर विभागणीही बदलते आणि स्वर किंचित झुकतो. संरोध सपाट असेल, तर सगळ्या कंप्रता सारख्याच खाली येतात, म्हणजे आवाज जरा कमी होतो आणि स्वर तसाच राहतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचा संरोध काही ओहम असला, तरी हेच लागू पडते. केबलने स्वर बदलतो हा दावा ज्या हेडफोनांबाबत सर्वात जास्त केला जातो, त्यांच्याबाबतच तो विद्युत्‌दृष्ट्या सर्वात दुबळा आहे.

केबलचे गणित

तांब्याची रोधकता १ चौरस मिमी छेदाच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७२ ओहम. २ मीटरच्या केबलमध्ये प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून तार ४ मीटर धरायची. ०.२ चौरस मिमी छेदाला (अमेरिकी २४ गेजच्या जवळपास) रोध ०.३४ ओहम भरतो. ऑडेझीचा एलसीडी-५ हा १४ ओहमचा, म्हणजे केबलच्या दृष्टीने कठीण ग्राहक. त्यावर यामुळे ०.२१ डेसिबल कमी होतात. हायफायमॅनचा सुस्वारा ६० ओहमचा, त्यावर ०.०५ डेसिबल. तार ०.०८ चौरस मिमी इतकी बारीक घेतली, तर हेच आकडे ०.५२ आणि ०.१२ डेसिबल होतात. तेव्हा २० ओहमपेक्षा कमी संरोधाला ०.२ चौरस मिमी किंवा जाड तार घ्यावी, इतरांना ०.१३ चालते. ०.५ च्या पुढे केबल फक्त जड आणि ताठ होते.

चांदीची रोधकता तांब्यापेक्षा ५ ते ८ टक्क्यांनी कमी. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की हिशेब बरोबरीत. २० किलोहर्ट्‌झला तांब्यातील त्वचा-खोली (पृष्ठभागापासून प्रवाह मुख्यतः जेवढ्या खोलीपर्यंत वाहतो ती) सुमारे ०.४६ मिमी असते. हेडफोन केबलमधील एकेक धागा त्याहून पुष्कळ बारीक असल्याने चांदीच्या मुलाम्यामुळे उंच स्वर मुलाम्यातून ‘वेगाने’ धावतात या स्पष्टीकरणाला आधार राहत नाही. २ मीटर केबलची धारिता ३०० पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर ६० ओहमशी तिची छेदकंप्रता (जिच्या पुढे स्वर घटू लागतात ती) ८ मेगाहर्ट्‌झच्या पुढे जाते. प्रवर्तकता १.२ मायक्रोहेन्री धरल्यास २० किलोहर्ट्‌झला ०.१५ ओहम. दोन्ही दुर्लक्षणीय.

मोजता येण्याजोगा फरक एका ठिकाणी पडतो, तो म्हणजे परतीच्या तारेत. ६.३५ मिमीच्या तीन-संपर्की प्लगमध्ये टोक डावे, कडे उजवे आणि दांडा दोघांचा सामाईक. केबलच्या दुभाजकापासून (केबल दोन कपांकडे फुटते ती जागा) प्लगपर्यंत परतीची एकच, सुमारे २ मीटर लांब ०.२ चौरस मिमी तार असेल, तर तिच्या ०.१७ ओहममुळे १४ ओहमच्या हेडफोनमध्ये एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत सुमारे −३८ डेसिबल पातळीवर गळतो. दोन्ही परती प्लगपर्यंत स्वतंत्र नेल्या आणि सामाईक उरला तो फक्त ०.०२ ओहमचा संपर्क, तर गळती −५७ डेसिबलवर जाते. केबल घेताना धातूच्या शुद्धतेतील (९९.९९… टक्के) नऊंची संख्या मोजण्याऐवजी दुभाजकाखाली चार तारा आहेत की तीन, हे विचारावे.

जोडण्या आणि चुका

ऑडेझीच्या एलसीडी मालिकेतील बहुतेक हेडफोन व मेझे एम्पिरियन यांना प्रत्येक कपाला चार पिनांचा मिनी एक्सएलआर जोड लागतो. हायफायमॅनच्या एचई-५, एचई-६ या जुन्या हेडफोनांना आट्यांचा बारीक एसएमसी होता. तो वारंवार फिरवल्यास आटे झिजतात आणि आवाज कुरकुरतो. नंतर २.५ मिमी आणि पुढे ३.५ मिमी आला. ३.५ मिमीचा प्लग अनेक निर्माते वापरतात, पण आकार सारखा म्हणून आतली जोडणी सारखी असे नाही. मधले कडे कुठे मोकळे असते, कुठे जोडलेले.

अ‍ॅम्प्लिफायरकडील चार पिनांच्या एक्सएलआरवर १ डावा धन, २ डावा ऋण, ३ उजवा धन, ४ उजवा ऋण. ४.४ मिमीच्या पाच-संपर्की प्लगवर टोकापासून हाच क्रम, दांडा भूमीला. नवी केबल हेडफोनला लावण्याआधी मल्टिमीटरवर तपासावी. मीटरच्या दोन्ही सुया आधी एकमेकींना टेकवून दिसणारा ०.१–०.३ ओहम लिहून ठेवावा व पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करावा. मग प्रत्येक संपर्क टोकापासून टोकापर्यंत मोजताना प्लगच्या मानेपाशी केबल हळूच वाकवावी. आकडा थरथरला, तर टाका कच्चा आहे. लिट्‌झ प्रकारच्या तारेत हा दोष नेहमीचा, कारण तिच्या प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा लेप असतो. लेप न जाळता टाका मारला, तर बाहेरचे काही धागेच धरतात आणि बाकीचे कथलात नुसते बुडून राहतात. चांगल्या टाक्याला दोन्ही बाजूंचा रोध ०.०५ ओहमच्या आत जुळतो.

एका बाजूचे धन-ऋण उलटे झाले, तर हेडफोन वाजतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. मोनो ध्वनिमुद्रण लावावे. मध्यभागी उभा राहायला हवा तो गळा डोक्याबाहेर पसरलेला वाटला आणि खर्ज पोकळ झाला, तर जोडणी उलटी आहे.

बॅलन्स्ड अ‍ॅम्प्लिफायरच्या एक्सएलआरमधून तीन-संपर्की प्लगाकडे नेणारा अडॅप्टर कधीही वापरू नये. बॅलन्स्ड यंत्र प्रत्येक बाजूचे धन आणि ऋण दोन्ही स्वतंत्रपणे चालवते. अशा अडॅप्टरमध्ये डावा ऋण आणि उजवा ऋण ही दोन्ही चालती टोके एकमेकांना जोडली जातात आणि आउटपुट अवस्था जळू शकते. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड केबल साध्या अ‍ॅम्प्लिफायरला लावणारा अडॅप्टर सुरक्षित असतो. त्यामुळे केबल एकदाच एक्सएलआर किंवा ४.४ मिमीची करून घेऊन साध्या यंत्रासाठी आखूड अडॅप्टर ठेवणे शहाणपणाचे.

वापरात टोचतात त्या गोष्टी मात्र साध्याच असतात : केबलचा ताठपणा, कपड्याला घासल्याचा कपात उमटणारा आवाज, दुभाजकाचे वजन, टेबलापर्यंत न पोचणारी लांबी.

हेडफोनांची तुलना

निर्माते संवेदनशीलता (ठरावीक पुरवठ्यावर किती मोठा आवाज निघतो ते) कधी दर मिलिवॉटला, कधी दर व्होल्टला देतात. दर मिलिवॉटच्या आकड्यात १० × लॉग (१००० ÷ संरोध) मिळवले, की दर व्होल्टचा आकडा येतो. हे न करता दोन पत्रकांतील आकडे शेजारी ठेवणे ही सर्वात सामान्य चूक. निर्मात्यांच्या आकड्यांनुसार ११० डेसिबलच्या शिखरासाठी एलसीडी-एक्सला (१०३ डेसिबल, २० ओहम) ५ मिलिवॉट पुरतात, एलसीडी-५ ला (९० डेसिबल, १४ ओहम) १००, आणि सुस्वाराला (८३ डेसिबल, ६० ओहम) सुमारे ५००, म्हणजे ५.५ व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर. प्लॅनरचा खर्ज कमी विकृतीचा असल्याने इक्वलायझरने १०० हर्ट्‌झखाली ६ डेसिबल वाढवणे त्याला सहसा झेपते. त्या भागात शक्ती मात्र चौपट लागते, सुस्वाराला २ वॉट. अशा वेळी दुबळा अ‍ॅम्प्लिफायर लहरींची शिखरे कापू लागतो आणि दोष हेडफोनला दिला जातो.

दोन केबलांची तुलना वरकरणी सोपी, प्रत्यक्षात फसवी. केबल बदलायला हेडफोन काढावा लागतो, आणि तो परत घालताना कप काही मिलिमीटर सरकला, तरी उंच स्वरांत काही डेसिबलचा फरक पडतो. हा फरक केबलच्या फरकापेक्षा कैक पटींनी मोठा असतो आणि ऐकणारा तो केबलच्या नावावर जमा करतो. खात्री करायची, तर हेडफोन कृत्रिम कानावर स्थिर ठेवून फक्त केबल बदलावी. तेही जमत नसेल, तर १ किलोहर्ट्‌झचा स्वर देऊन कपापाशीचा व्होल्टेज मोजावा, दोन्ही केबलांना ०.१ डेसिबलच्या आत जुळवावा आणि दुसऱ्या व्यक्तीने न सांगता अदलाबदल करावी. ०.२–०.३ डेसिबलचा जादा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो ‘स्वच्छ’ वाटतो, खबरदारी त्यासाठीच.

दोन हेडफोन जुळवताना एकाच स्वरावर पातळी लावू नये, कारण दोघांचा स्वरतोल वेगळा असतो. ५०० हर्ट्‌झ ते २ किलोहर्ट्‌झ पट्ट्यातील गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज) वापरावा. २०–३० सेकंदांचा तोच तुकडा आलटून पालटून ऐकावा, कारण स्वरछटेची स्मृती फार लवकर विरते. वजनाचा निकाल मात्र दोन तासांनीच लागतो. एलसीडी-एक्स ६०० ग्रॅमच्या पुढे जातो, तर एम्पिरियन, एलसीडी-५ आणि डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थ ४१५ ते ४३० ग्रॅमच्या दरम्यान आहेत.

आलेख पाहताना दोन्ही मापे एकाच यंत्रावरची असावीत. आयईसी ६०३१८-४ प्रकारच्या कृत्रिम कानाचे आणि ब्रुएल अँड केअर ५१२८ या मापनासाठीच्या कृत्रिम डोक्याचे आलेख एकावर एक ठेवता येत नाहीत, आणि पहिल्यासाठी ठरलेली हार्मन लक्ष्यरेषा (बहुतेक श्रोत्यांना आवडणारा स्वरतोल दाखवणारी रेघ) दुसऱ्यावर तशीच लावणे चूक. १० किलोहर्ट्‌झच्या वरच्या एकेका खाचेवर मत बनवू नये.

पडद्याच्या जाडीविषयीचे दावे सावधपणे वाचावेत. फिल्म एक मायक्रॉनपेक्षा पातळ असली, तरी हलणारे वस्तुमान संवाहक पट्टीसकट मोजायला हवे. चुंबक दोन्ही बाजूंना असले की जोर अधिक समरेषीय, एकाच बाजूला असले की वजन कमी. चुंबकांच्या फटींतून ध्वनी बाहेर पडताना होणारे विवर्तन कमी करण्यासाठी ऑडेझी ‘फेझर’ नावाच्या मार्गिका बसवते. मेझेच्या रिनारो पडद्यात वर नागमोडी आणि कानाच्या छिद्रासमोर सर्पिल अशी दोन वेटोळी आहेत.

प्लॅनरचा खर्ज २०–३० हर्ट्‌झपर्यंत सरळ जातो, पण पॅडने हवा धरली तरच. चष्म्याची काडी पॅडखाली गेली की तेवढ्या फटीतून सर्वात खालचा खर्ज गळतो. पॅड वापराने दबला की कान पडद्याच्या जवळ येतो आणि २ ते ५ किलोहर्ट्‌झचा भाग बदलतो. म्हणून नव्या हेडफोनची तुलना दबलेल्या पॅडच्या जुन्याशी करू नये. बंद कपाचा प्लॅनर कानावर झटक्याने दाबल्यास हवेच्या दाबाने पडदा चुरचुरतो. वारंवार असे झाल्यास फिल्म सुरकुतते. पडद्याला केस टेकला, तर ठरावीक खर्जस्वरावरच गुणगुण ऐकू येते. अशा वेळी ड्रायव्हर सदोष ठरवण्याआधी पॅड काढून उजेडात पाहावे. केसाची पिन किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र जवळ नेऊ नये, चुंबक तो खेचून जाळीवर आपटतो.