वरची दाढ काढली की डोळे जातात?
आमच्याकडे अजून सांगतात, वरची दाढ काढू नको नजर जाईल, आणि आता इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) म्हटलं की हाडात स्क्रू म्हणजे डोळ्याची नस गेलीच! अहो, बघायची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी, दोन्हींचा संबंध नाही. वरच्या दाढांच्या डोक्यावर असते ती सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणून डॉक्टर आधी स्कॅन काढून हाड किती उरलंय ते बघतात, कमी असेल तर भरून घेतात, मग टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने. १९६५ पासून माणसांत बसवतायत हे. म्हातारपणी दात पडतात, त्याच वयात मोतीबिंदू येतो, लोकांनी जोडून टाकलं. उलट भीतीपोटी किडकी दाढ तशीच ठेवली तर पू होतो, क्वचित इन्फेक्शन खरंच डोळ्यापर्यंत पोचतं.