डासांपायी संपलेली चिमणी

हिवाळ्यात रविवारी पहाटेच सोलापूर रस्त्याला लागून भिगवण गाठणारे पुणेकर फ्लेमिंगो बघायला जातात. त्याच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या पोलादी कवचाचे भाग तयार होतात. ते रॉकेट जिथून उडतं त्या श्रीहरिकोटा बेटाला खेटून पुलिकत सरोवर आहे, आणि तिथेही हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. मग साहजिकच विचारलं जातं, एवढ्या धडाक्यात त्या पक्ष्यांचं काय होत असेल?

धडाका काही मिनिटांचा असतो. पक्षी उडतात, घिरट्या घालतात, पुन्हा बसतात. धूर जास्त त्रासदायक. पहिल्या टप्प्यातल्या घन इंधनात अमोनियम परक्लोरेट असतं, ते जळताना हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि पाण्याच्या थेंबांत मिसळून त्याचं आम्ल होतं. अमेरिकेत स्पेस शटलच्या उड्डाणानंतर लाँच पॅडलगतच्या उथळ पाण्यात छोटे मासे मेलेले सापडत, झाडांची पानं करपत. पण हा तीव्र परिणाम पॅडच्या आसपासच राहायचा.

उलट उड्डाणतळाचं कुंपण निसर्गाच्या पथ्यावर पडतं. अपघात झाला तर माणसं सापडू नयेत म्हणून भोवती प्रचंड जागा मोकळी ठेवतात. श्रीहरिकोटाचा परिसर सुमारे 43,000 एकरांचा आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर बाकी ठिकाणी तुटत गेलेलं शुष्क सदाहरित जंगल इथे बरंच टिकून आहे. (मोकळी जागा म्हणताना, त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या यानादी लोकांना मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.) फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्रासाठी घेतलेल्या जमिनीवर 1963 साली मेरिट आयलंड वन्यजीव अभयारण्य झालं.

आणि तिथलीच डस्की सीसाइड स्पॅरो ही काळपट चिमणी कायमची नाहीशी झाली. खाऱ्या दलदलीतल्या गवतात, जमिनीपासून जेमतेम वर घरटं करणारी ही चिमणी फ्लोरिडाच्या त्या एवढ्याशा पट्ट्यातच असायची. ती धुराने गेली नाही की आवाजाने. मेरिट आयलंडवर डासांचा सुळसुळाट होता. आधी डीडीटी फवारलं गेलं. मग कोणीतरी डोकं चालवलं: खाऱ्या दलदलीतला डास साचलेल्या पाण्यात नव्हे, ओल्या चिखलावर अंडी घालतो; तेव्हा बांध घालून दलदल पाण्याखालीच ठेवली तर अंडी घालायला जागाच उरणार नाही. हिशोब अचूक होता. डास आटोक्यात आले, पण भरती-ओहोटी अडली, गवत बदललं आणि घरट्यांची जागा गेली. सेंट जॉन्स नदीकाठी उरलेल्या चिमण्यांच्या वाट्याला पाण्याचा निचरा, नवा महामार्ग आणि वणवे आले. शेवटी नरच उरले. त्यांतला शेवटचा 1987 च्या जूनमध्ये पिंजऱ्यात मेला.

म्हणून अशा जागेभोवती कुंपण घालून गप्प बसता येत नाही. तिथल्याच फ्लोरिडा स्क्रब-जे या निळ्या पक्ष्याला खुरटी ओक झुडपं आणि मधे उघडी वाळू लागते. त्या वाळूत तो ओकची फळं पुरून ठेवतो. अधूनमधून आग लागली नाही तर झुडपं उंच वाढतात आणि पक्षी जागा सोडतो. त्यामुळे अभयारण्याचे कर्मचारी स्वतःच ठरवून झुडपांचे पट्टे जाळतात. पण त्या धुराचे कण उड्डाणासाठी सज्ज होत असलेल्या उपग्रहांच्या नाजूक भिंगांना चालत नाहीत. म्हणजे वारा, ओल आणि उड्डाणांचं वेळापत्रक अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच काडी ओढायची!

दिव्यांचंही तसंच. कासवाची पिल्लं रात्री वाळूतून वर आली की क्षितिजाच्या उजळ बाजूला धावतात, एरवी ती बाजू समुद्राची असते. तळावरचे दिवे प्रखर असले की ती उलटी फिरतात. फ्लोरिडात दिव्यांना आडोसे करणं, पिवळसर प्रकाश वापरणं, अंडी घालण्याच्या हंगामात नको ते दिवे विझवणं अशी कामं नियमाने करावी लागतात. आपल्याकडेही ऑलिव्ह रिडले कासवं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर येतात.

तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला देशाच्या दुसऱ्या उड्डाणतळाची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली. जागा सुमारे 2,300 एकर, म्हणजे श्रीहरिकोटासारखा ऐसपैस पट्टा इथे मिळणार नाही. इथून उडणारं एसएसएलव्ही लहान असल्यामुळे एकेका उड्डाणाचा धूर कमीच असेल. पण हे रॉकेट मुळात चटकन जुळवून वारंवार उडवण्यासाठीच बनवलंय, त्यामुळे धूर अधूनमधून असला तरी रस्ते, वाहनं, निवासस्थानं आणि दिवे मात्र बाराही महिने असतील.