गावच्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स?

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात हल्ली मिठाईच्या खोक्याबरोबर एक जुना लॅपटॉपही असतो. मुंबईत नवा घेतला, हा नुसता पडून होता, पोरांना अभ्यासाला होईल, आबांना आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवता येईल. बहुतेक वेळा तो दहाएक वर्षांचा असतो. ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, बॅटरी मेलेली आणि वर विंडोज १०. या विंडोज १० चं नेहमीचं मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झालं. विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. यंत्र धडधाकट, पण प्रणाली वाऱ्यावर. मग घरातला एखादा पुतण्या म्हणतो, "काका, लिनक्स टाका." काका विचारतात, "कुठलं?" आणि पुतण्याची गाडी तिथेच अडते.

अडणारच. लिनक्स हे नाव खरं तर प्रणालीच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण असं काहीतरी हौसेखातर करतोय असं जाहीर केलं होतं. त्याआधीच, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती आणि तिथली बरीच अवजारं तयार होती. गाभा, अवजारं, खिडक्या-मेनू दाखवणारा डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस हे सगळं एकत्र बांधून, तपासून, पुढे वर्षानुवर्षं त्याची दुरुस्ती पाठवत राहणारा जो संच, त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा हे सगळे डिस्ट्रो. गाभा सगळ्यांचा एकच असल्यामुळे "कुठलं जास्त फास्ट" या वादात फारसा दम नाही. फरक पडतो तो अपडेट किती वेळा येतं, किती डेटा खातं आणि मध्येच घोटाळा झाला तर काय होतं यात. इंटरनेटवरच्या तुलना बहुधा शहरातल्या फायबरवर, इन्व्हर्टरच्या सावलीत बसून केलेल्या असतात. त्यात हे प्रश्न शेवटच्या परिच्छेदात येतात, आले तर. इकडे ते पहिले हवेत.

पावसाळ्यात नारळाची एक झावळी तारेवर पडली की अर्धी वाडी अंधारात जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तो प्रसंग मोठा, पण रोजची मिनिटभराची ये-जा कॉम्प्युटरला जास्त छळते. आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा ती त्या क्षणी डिस्कवर गेलेली असतेच असं नाही. कर्नल आधी ते रॅममध्ये जमवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ही सवड तीसेक सेकंदांची असू शकते. चांगला प्रोग्रॅम सेव्ह करताना "आत्ताच्या आत्ता उतरव" असं बजावतो, सगळेच बजावत नाहीत. बॅटरी जिवंत असेल तर हा प्रश्नच येत नाही. मेलेली असेल तर लॅपटॉप आणि टेबलावरचा कॉम्प्युटर यांत काही फरक उरत नाही.

आता डिस्कवर लिहिता लिहिताच लाईट गेली तर? फाइल कुठे आहे, केवढी आहे, कुठली जागा मोकळी आहे याच्या नोंदी अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या राहिल्या तर सगळा कारभार विस्कटतो. उबुंटू, मिंट आणि डेबियन ज्या एक्स्ट४ या फाइल प्रणालीवर बसतात ती यासाठी जर्नल ठेवते. दुकानदार आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत चढवतो, तसं काय बदलायचं ते आधी जर्नलमध्ये लिहायचं आणि मग प्रत्यक्ष जागी. पुन्हा वीज आली की कर्नल जर्नल वाचतो. पुऱ्या झालेल्या नोंदी चढवतो, अर्धवट सोडून देतो. काही सेकंदांत मशीन उभं राहतं. विंडोजची एनटीएफएसही हेच करते, उगाच लिनक्सचीच पाठ थोपटायला नको.

यातला बारकावा असा की एक्स्ट४ नेहमीच्या मांडणीत फक्त नोंदींची अशी काळजी घेते, मजकुराची नाही. म्हणजे डिस्क शाबूत राहील, पण शेवटचा परिच्छेद गेलेला असू शकतो. एक्स्ट४ नवीन असताना, २००९ मध्ये, यावरून चांगलाच गदारोळ झाला होता. मशीन अचानक बंद पडलं की काही फाइली चक्क शून्य लांबीच्या होऊन बसत. दोष कर्नलचा की निष्काळजी प्रोग्रॅमचा यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं आणि शेवटी कर्नलनेच पडतं घेऊन त्यात पळवाट घातली.

फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, बीटीआरएफएस ही वेगळ्या वळणाची फाइल प्रणाली घेतली. ती जुन्या जागेवर लिहीतच नाही. नवं पान नव्या जागी लिहून पूर्ण झालं की फक्त खूण नव्याकडे वळवते. लाईट मध्येच गेली तर खूण जुन्याकडेच राहते आणि जुनं सगळं जागच्या जागी सापडतं. शिवाय प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवल्यामुळे डिस्क म्हातारी होऊन चुकीचं काही वाचू लागली तर ती गप्प बसत नाही, बोंब मारते. ओपनसुसे या डिस्ट्रोतही हीच आहे, आणि तिथे अपडेटच्या आधी-नंतर पूर्ण प्रणालीचे स्नॅपशॉट, म्हणजे हवं तेव्हा मागे जाता येईल अशा त्या क्षणाच्या प्रती, आपोआप घेतले जातात. निव्वळ वीज जाण्याचा विचार केला तर माझं मत फेडोरा आणि ओपनसुसेकडे झुकतं.

पण लाईट जायची ती नेमकी अपडेट चालू असतानाच जाते. डेबियन घराण्यात (उबुंटू आणि मिंट त्यातलेच) अपडेट डीपीकेजी नावाच्या अवजाराकडून होतं. ते आधी पॅकेट उघडून फाइली जागेवर ठेवतं आणि मग त्यांची जुळणी करतं. प्रत्येक पॅकेट कुठवर आलंय याची नोंद चालू असते. मध्येच अंधार झाला तर पुढच्या वेळी "डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, हाताने पुरं करा" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. पाहणारा घाबरतो, लॅपटॉप मिटतो आणि पुतण्याची वाट बघत बसतो. खरं तर करायची आज्ञा त्या संदेशातच अक्षर न् अक्षर लिहिलेली असते. ती टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाकली की राहिलेली जुळणी पूर्ण होते. नवा कर्नल अर्धवट बसून मशीन सुरूच होत नसेल तर सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल ठेवलेला असतो, तो निवडायचा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे प्रणालीचे स्नॅपशॉट घेणारं साधन आयतं मिळतं आणि अपडेट मॅनेजर ते चालू करायची आठवण करत राहतो. ही आठवण ऐकावी.

फेडोराचं सिल्व्हरब्लू हे भावंड यावर मुळातूनच उपाय करतं. चालू प्रणालीला ते हात लावत नाही. नवी प्रणाली बाजूला पूर्ण तयार करून ठेवतं आणि पुढच्या वेळी मशीन सुरू करताना तिच्यात शिरतं. नाही जमली तर जुनी तिथेच आहे. कल्पना उत्तम, पण डेटा बराच लागतो. आणि गावात डेटा कुठून येतो, तर फोनच्या हॉटस्पॉटवरून, तोही पडवीच्या एका कोपऱ्यात.

डेटाच्या हिशोबात डेबियनचा हात कोणी धरत नाही. १९९३ मध्ये इयान मर्डॉकने सुरू केलेला हा प्रकल्प साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतो आणि एकदा काढली की तिच्यात फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या पाठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती आली. इन्स्टॉलची छोटी फाइल १ जीबीच्या आत बसते, मात्र उरलेलं सामान इन्स्टॉल करताना नेटवरून ओढावं लागतं. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास, उबुंटूची त्याच्या दुपटीच्या घरात. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार असतो, शिवाय मधली अपडेटही भरपूर. ज्याच्याकडे फायबर पोचलंय त्याने खुशाल फेडोरा घ्यावं, बाकीच्यांचा डेटा पॅक दुपारपर्यंत टिकायचा नाही. आर्चसारखी रोज बदलणारी प्रणाली तर मे महिन्यात बंद करून दिवाळीला उघडली की काय काय रुसून बसेल ते सांगता येत नाही.

उबुंटूबद्दल एक तक्रार करायची तर ती स्नॅपची. स्नॅप म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं बहुतेक सामान त्याच्याच डब्यात भरून देणारी पद्धत. २१.१० या आवृत्तीपासून उबुंटूतला फायरफॉक्सही असाच येतो. सुरक्षेच्या दृष्टीने यात फायदे आहेत, पण डबा जड असतो, जुन्या डिस्कवर सावकाश उघडतो, आणि स्नॅप दिवसातून चार वेळा आपणहून अपडेट शोधायला निघतं. हॉटस्पॉट वापरणाऱ्याने नेटवर्क सेटिंगमध्ये तो मीटर्ड, म्हणजे मोजून मिळणारं नेट, म्हणून नोंदवून स्नॅपलाही तशी सूचना द्यावी लागते. मिंट उबुंटूच्याच दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर बांधलेलं आहे, पण २०२० पासून त्याने स्नॅप दाराबाहेर ठेवलंय. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

वेगाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर डिस्ट्रोत थोडं आणि डिस्कमध्ये जास्त आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं सरकवायचे आणखी दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे इकडची-तिकडची छोटी वाचनं सेकंदाला साठेक. डेस्कटॉप उघडताना अशी हजारो वाचनं होतात. एसएसडीत फिरायला काही नाही, ती सेकंदाला हजारो वाचनं आरामात करते. तेव्हा आधी एसएसडी बसवा, मग प्रणाली निवडा. रॅम ४ जीबी असेल तर मिंटचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप किंवा उबुंटूचं हलकं भावंड लुबुंटू बरं पडतं. पण सुरुवातीला दोन-तीनशे एमबी वाचवले आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले तर काय उपयोग? फेडोरात झेडरॅम आयतं चालू असतं. ते रॅममधली वापरात नसलेली पानं, म्हणजे मजकुराचे तुकडे, डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून बसवतं. इतर डिस्ट्रोंतही ते घालता येतं आणि ४ जीबीच्या मशीनवर त्याचा फरक जाणवतो.

मराठीच्या बाबतीत सगळे डिस्ट्रो जवळपास एका माळेचे मणी, कारण जोडाक्षरं घडवण्याचं काम हार्फबझ नावाचा एकच घटक फायरफॉक्सपासून लिबरऑफिसपर्यंत सगळीकडे करतो. १९९१ च्या भारतीय मानकातला इनस्क्रिप्ट कळफलक सगळ्यांत आहे. ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ लिहायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, की झाला. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल तर ती मराठी करा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श लगेच आपल्या वळणाचे होतात. अडचण आहे ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींची. त्या फॉन्टशिवाय उघडल्या की अगम्य चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

छपाईत नशिबाचा भाग आहे. लिनक्सवर छपाई कप्स ही व्यवस्था सांभाळते, आणि वाय-फायवरून फोनला जोडला जाणारा अलीकडचा प्रिंटर बहुतेकदा ड्रायव्हरशिवायच चालतो. एचपीचे बरेचसे प्रिंटर त्यांच्या खुल्या ड्रायव्हरवर चालतात. पण झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० स्वतःची कॅप्ट ही बोली बोलतो, आणि त्याला लिनक्सवर बोलतं करण्यात रविवार जातो. टॅली लिनक्ससाठी बनतच नाही. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हरही मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच येतात. दाखल्यांचं केंद्र किंवा टॅलीवर चालणारं दुकान असेल तर त्या मशीनला हात लावू नये. होमस्टेचं बुकिंग, बिलं, पोरांचा अभ्यास, बँकेची साइट, सातबारा बघणं यासाठी लिनक्स पुरून उरतं.

लिनक्सबाहेरही खुल्या प्रणाली आहेत. फ्रीबीएसडी शिस्तीची आहे, तिची झेडएफएस फाइल प्रणाली वीज जाण्याला दाद देत नाही, पण लॅपटॉपच्या वाय-फायशी तिचं अजून पुरतं जमलेलं नाही. हायकू देखणी आणि चपळ, अजून बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात. रिअ‍ॅक्टओएस विंडोजची खुली प्रतिकृती व्हायला निघालीय, ती अल्फाच्या, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या टप्प्याच्या, पुढे गेलेली नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस ही डेबियनवर बेतलेली, भारतीय भाषांची सोय असलेली, पण घरच्या वापरात अडलं तर मदत मिळते ती मिंट-उबुंटूवाल्यांची.

तर काकांना मी मिंट सांगेन, एसएसडीवर, टाइमशिफ्ट चालू करून. एकदा बसवून मे महिन्यापर्यंत कोणी बघणार नसेल तर डेबियन. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावं, त्याने डिस्कला काही होत नाही. आवाज येतो का, टचपॅड चालतो का, झाकण मिटून उघडलं की मशीन जागं होतं का, वाय-फाय दिसतं का? जुन्या लॅपटॉपमधल्या काही वाय-फाय चिप पहिल्यांदा दिसत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर नेटवरून आणावा लागतो आणि नेट तर वाय-फायवरच. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. लिनक्स त्याला साधं वायरचं नेटवर्क समजतं आणि ड्रायव्हर ओढून घेतं.