झेरॉक्सच्या तीन प्रती आणि कलम ५२

विदर्भातल्या एखाद्या ‘ड’ वर्ग (सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या) वाचनालयात जुनं, सुटलेल्या पानांचं पुस्तक हाती आलं की प्रश्न ठरलेला असतो: याची झेरॉक्स काढली तर चालेल का? उत्तर कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, १९५७ सालीच लिहिलेलं आहे. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करून घेता येतात. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्यामुळे वर्ग, अनुदान, तपासणी गावोगावी पाठ झाली. हे कलम ५२ मात्र कपाटातच राहिलं.

पुढे इंटरनेट आलं आणि फुकट मार्गदर्शनाचा पूर आला, पण त्यातलं बरंचसं अमेरिकी. तिथला १९७६ चा कायदा ‘फेअर यूज’ची, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापराची, मोघम चौकट देतो आणि ग्रंथालयांना वेगळं कलम १०८ देतो. आपल्याकडे तसं नाही. इथे सवलती एकेक करून मोजलेल्या आहेत, आणि ‘इतके टक्के पानं चालतात’ असा आकडा कलम ५२ मध्ये नाही. तिकडचा तक्ता इकडे लावला की घोळ होतो. म्हणून भरवशाचा फुकट स्रोत म्हणजे ‘इंडिया कोड’ या सरकारी कायदेसंग्रहाच्या संकेतस्थळावरचा मूळ कायदा आणि कॉपीराइट कार्यालयाची पुस्तिका. हे कार्यालय २०१६ मध्ये शिक्षण खात्याकडून वाणिज्य मंत्रालयाकडे गेलं, त्यामुळे जुन्या पत्रकांवरचा पत्ता तपासून घ्यावा.

२०१२ च्या दुरुस्तीने दोन कामाच्या गोष्टी दिल्या. छापील प्रत आधीच ग्रंथालयात असेल, तर जतनासाठी तिचं स्कॅन ठेवता येतं. पण ही सवलत साठवण्याची आहे, पीडीएफ वाचकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याची नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुसरी सवलत अपंग वाचकांना वापरता येतील अशा प्रतींची, अर्थात नफा न घेता. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, २०१४ मध्ये.

तीन प्रती काढायच्या तर आधी प्रकाशकाला पत्र लिहावं, दोन-तीन विक्रेत्यांकडे विचारावं आणि पत्राची तारीख, आलेलं उत्तर व प्रतींची संख्या दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांच्या नोंदीच्या वहीत) शेऱ्यात टाकावी. विचारणा कोणी केली तर दाखवायला हाच कागद असतो.

कॉपीराइटच्या मुदतीचा हिशेब सोपा आहे: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. सावनेरला १९१९ मध्ये वारलेले राम गणेश गडकरी केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून खुले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क २०२८ अखेरपर्यंत. मरणोत्तर छापलेल्या लेखनाची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून धरतात, आणि नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं, अनुवाद यांचा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा करावा लागतो.