हवा कमी पडतेय की पाणी फिरत नाहीये? जुन्या डिझेल जीपचं तापणं

एक गाडी नाशिकच्या द्वारका चौकात दहा मिनिटं अडकली की टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो, आणि रस्ता मोकळा झाला की आपोआप खाली येतो. दुसरी गाडी शहरात दिवसभर शांत असते, पण ओझर सोडून पिंपळगावच्या दिशेने ८० च्या वेगात पंधरा मिनिटं धावली की तापते, आणि वेग कमी केला की निवते. दोन्ही मालक मिस्त्रीला एकच सांगतात, "गाडी हीट होते." बहुतेक वेळा दोघांनाही उत्तरही एकच मिळतं, रेडिएटर बदला. खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत.

इंजिनातली उष्णता पाणी उचलतं आणि रेडिएटरच्या जाळीपर्यंत आणतं. जाळीतून ती पुढे नेते हवा. उचलणारा एक, नेणारा दुसरा. पहिल्या गाडीत हवा कमी पडतेय, दुसरीत पाणी नीट फिरत नाहीये किंवा त्याची उष्णता जाळीत नीट उतरत नाहीये. काटा मात्र दोन्हीकडे सारखाच चढतो.

वेगात असताना समोरून येणारा वारा जाळीला पुरतो, तिथे पंख्याचं फारसं काम नसतं. पंख्याची खरी गरज उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीला. म्हणून पंख्याचा दोष रांगेत दिसतो आणि हायवेवर लपतो. पाण्याच्या दोषाचं उलट आहे. मंद चालणाऱ्या इंजिनाची थोडी उष्णता अर्धी चोक झालेली जाळीही काढून टाकते. इंजिन जोर लावायला लागलं की ती कमी पडते.

घाटाने फसू नका. कसारा घाट चढताना वेग कमी आणि जोर जास्त, त्यामुळे तिथे दोन्ही दोष उघडे पडतात. घाटात तापली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शेतातल्या चिखलात फोर-व्हील लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा मंद गिअर, टाकून चालवलेल्या गाडीचंही तेच. परीक्षा सपाट रस्त्यावर घ्यायची. आधी एकसारख्या वेगात पंधरा मिनिटं, मग सावलीत उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू. काटा कधी हलला ते लिहून ठेवा आणि मिस्त्रीला तेच सांगा.

आमच्या मामांची महिंद्राची एमएम ५४० जीप दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबते. मुंबई नाक्याच्या रांगेत ती हटकून तापायची. रेडिएटरचा कोअर, म्हणजे जाळी, नवा बसवला, पैसे गेले, तापणं तसंच. एका सकाळी इंजिन चालू ठेवून मी जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. पंखा चांगला असेल तर पान ओढून जाळीला चिकटतं. इथे मधोमध चिकटलं आणि चारही कोपरे लोंबत राहिले. बोनेट उघडून पाहिलं तर पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, म्हणजे शराउड, जागेवर नव्हतं. कधीतरी पंख्याचा पट्टा बदलताना आडवं येतं म्हणून ते काढलं होतं आणि परत बसवलंच नव्हतं. कडं नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. मामांनी गोठ्यामागच्या भंगारातून ते शोधून काढलं, ठोकून सरळ केलं, चार बोल्टवर बसवलं. त्यानंतर मुंबई नाक्यावर काटा मध्यावरून हलला नाही. मला राग येतो तो याचाच. पानाच्या चाचणीला एक मिनिट लागतं, आणि कोअर बदलायच्या आधी ती कुणी केली नाही.

हवेच्या बाजूला आणखी पाहायचं ते असं. पट्टा सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झालाय का. जाळीच्या पापुद्र्यांत चिखल, भुसा, किडे बसलेत का. एसी असेल तर कंडेन्सर, म्हणजे एसीची पुढची जाळी, आणि रेडिएटर यांच्या मधली फट बॅटरीच्या उजेडात जरूर बघा, बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतही तिथे गादी झालेली असते. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा पापुद्रे वाकवतो आणि वाट कायमची बुजते. समोर लावलेले जादा दिवे आणि मोठी पाटीही वारा अडवतात. सिलिकॉन तेलाच्या क्लचवर, म्हणजे गरम झाल्यावर पंख्याला पकडणाऱ्या जोडावर, चालणारा पंखा असेल तर इंजिन गरम करून बंद करा आणि पाती हाताने फिरवून बघा. निवांत गरगर फिरली तर क्लच गेला. त्याच्या मध्याभोवती तेलकट डाग असेल तर शंकाच नको.

आता पाण्याची बाजू. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं आणि रेडिएटरमध्ये सर्रास तेच ओतलं जातं. त्यातले क्षार जाळीच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आत पापडीसारखे बसतात. तपासायचं तर गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि जाळीवरून लांबून हात फिरवा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उतरवून नळ्यांतून सळी फिरवता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लॅस्टिकच्या टाकीला हा उपाय नाही.

रेडिएटरचा खालचा होजपाईप फार कमी लोक बघतात. पंप तिथून पाणी ओढतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर रेस वाढवल्यावर पाईप पोटात जातो आणि पाणी अडतं. मंद इंजिनावर तो गुबगुबीतच दिसतो, म्हणून कुणीतरी रेस द्यावी आणि तुम्ही बघावं.

"थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील," हा सल्ला मला मान्य नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता सरळ इंजिनात परततं. शिवाय थंडीत डिझेल इंजिन नीट तापत नाही, धूर आणि झीज वाढते. खराब असेल तर नवा टाका.

रेडिएटरचं झाकण स्वस्त असतं, पण काम मोठं करतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून तेच सुमारे ११८ अंशांपर्यंत नेतं. रबर कडक झालेलं झाकण गाडी फार तापलेली नसतानाही पाणी बाहेर फेकतं. नवं घेताना कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला, आणि जुन्या प्रकारचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदला. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं पितात.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि बाजूला घ्या. पाणी आत असेल आणि रांगेत तापली असेल तर न्यूट्रलमध्ये किंचित रेस ठेवा, पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. वाफ निघून पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. लाल खुणेजवळचा काटा अचानक खाली पडला तर सुटलो असं समजू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. झाकण गरम असताना उघडू नका, तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जातो.

हवा ठीक, पाणी ठीक, तरीही तापते, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या सीलचा, विचार करायचा. थंड इंजिन झाकण काढून चालू करा. एक-दोन मिनिटांत रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले आणि रेसबरोबर वाढले, किंवा झाकण लावल्यावर पाणी तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. हेड उतरवायला हो म्हणण्याआधी ही चाचणी स्वतः उभं राहून करून घ्या.